डीथ्रीओ एलपी२ प्रो: कोपर-गुडघ्याचं आर्मर घेताना लेबलवर काय वाचायचं

रायडिंग गिअरच्या दुकानात एक खेळ हमखास दाखवतात. पॅडखाली बोटं ठेवायची आणि वरून हातोडी मारायची. बोटं शाबूत राहतात, गिऱ्हाईक पटतं. पण अर्ध्या किलोची हातोडी सेकंदाला ६ मीटर वेगानं मारली तरी तिच्यात जेमतेम ९ ज्यूल ऊर्जा असते. ईएन १६२१-१:२०१२ या युरोपीय मानकात ५ किलोचं वजन सुमारे १ मीटरवरून, सेकंदाला साधारण ४.५ मीटर वेगानं पॅडवर आदळतं. ती ऊर्जा ५० ज्यूल. हातोडीच्या परीक्षेत पहिला आलेला स्वस्त फोम इथे सरळ नापास होऊ शकतो.

डीथ्रीओ या ब्रँडचं एलपी२ प्रो हे कोपर-गुडघ्याचं पॅड या चाचणीत लेव्हल २ ला, म्हणजे वरच्या पातळीला बसतं, आणि जादा पैसे मोजायचे ते त्यासाठीच. पॅडखालच्या गोलसर ऐरणीपर्यंत किती बल पोचलं, ते मोजतात. लेव्हल १ साठी सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत (किलोन्यूटन हे बलाचं एकक) चालते आणि एकही आघात ५० च्या वर जाता कामा नये. लेव्हल २ ला सरासरी २० आणि एकेका आघाताची मर्यादा ३०. त्याच घराण्यातलं एलपी१ किंवा पातळ घोस्ट अंगाला जास्त सुखाचं असतं, पण दोन्ही लेव्हल १ चे आहेत.

आकडेमोड करून पाहा. पॅड १० मिलिमीटर दबलं आणि सगळं अंतर एकसारखा विरोध करत राहिलं, तर ५० ज्यूल जिरवायला फक्त ५ किलोन्यूटन बल लागेल. प्रत्यक्षात असं होत नाही. साधा स्पंज सुरुवातीला काहीच विरोध करत नाही, शेवटच्या दोन-तीन मिलिमीटरमध्ये पुरता चेपून तळाला टेकतो आणि बल एकदम उसळतं. एलपी२ प्रो ज्याचं बनतं त्या व्हिस्कोइलॅस्टिक, म्हणजे आघाताच्या वेगानुसार मऊ-ताठ होणाऱ्या पदार्थाचं वेगळेपण इथेच दिसतं. हळू वाकवला तर त्यातल्या रेणूंच्या लांब साखळ्यांना सरकायला वेळ मिळतो आणि तो मऊ लागतो. आघात चार-पाच मिलिसेकंदांत उरकला की तेवढा वेळ मिळत नाही. पदार्थ पहिल्या मिलिमीटरपासून ताठ होतो आणि बरीचशी ऊर्जा उष्णता म्हणून जिरवतो. म्हणून वजन उसळून परत फारसं वर जात नाही. कडक प्लास्टिकची वाटी आघात पसरवते, पण सांध्याबरोबर वाकत नाही.

आता यातली मेख. या पदार्थाला थंडी आणि वेग जवळपास सारखेच जाणवतात. थंडीत साखळ्या आधीच आखडलेल्या असतात. पॅड कडक होतं आणि धक्का जवळपास तसाच पलीकडे देतं. उन्हात उलट: ते इतकं सैल पडतं की स्पंजासारखं तळाला टेकतं. दोन्ही टोकांना मोजलेलं बल वाढतं. म्हणूनच मानकात ४० अंश आणि उणे १० अंश सेल्सिअसच्या जादा चाचण्या आहेत. त्या ऐच्छिक आहेत. उत्तीर्ण झालेल्या पॅडवर ‘टी+’ किंवा ‘टी−’ छापलेलं असतं. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे चालवणाऱ्यानं ‘टी+’ नसलेलं पॅड घेऊ नये. लेह-लडाखचा बेत असेल तर ‘टी−’ बघावं. नुसता २ चा आकडा सौम्य तापमानापुरता बोलतो. ब्रँड कोणताही असो, तुमच्या हातातल्या पॅडवर काय छापलंय तेच खरं.

लेबलवर आणखी एक अक्षर असतं: टाइप ए की बी. बी मध्ये संरक्षित क्षेत्र मोठं. खिशात मावत असेल तर बीच घ्यावं. मात्र आधी खिसा मोजा, कारण जॅकेटांचे खिसे एका मापाचे नसतात, आणि कोंबून दुमडलेलं पॅड निरुपयोगी. बसवल्यावर हँडल धरल्यासारखा हात वाकवून कोपरावरचं पॅड चिमटीत धरून फिरवा. ते हाडावरून बाजूला सरकलं तर पडताना आधी तेच होईल. बाही घट्ट करण्याचा पट्टा असतो तो याच कामासाठी, आणि बहुतेक लोक तो सैलच ठेवतात.

त्रुटीही आहेत. भोकं असली तरी उन्हाळ्यात ट्रॅफिकमध्ये गुडघ्याखाली घाम साचतोच. थंडीच्या सकाळी पॅड ताठ लागतं. अंगाच्या उबेनं थोड्या वेळात नरमतं.

निगा सोपी आहे. जॅकेट धुण्याआधी पॅड काढा आणि उन्हात तापलेल्या डिकीत कोंबून ठेवू नका. कोकणातल्या दमट हवेचा त्रास मुख्यतः पॉलियुरेथेन फोमच्या पॅडना: त्यातल्या पॉलिस्टर जातीच्या साखळ्या ओलाव्यानं तुटतात, पृष्ठभाग चिकट होतो किंवा भुगा पडू लागतो. तसं दिसलं, चीर गेली किंवा दाबलेला खड्डा भरून आला नाही, तर पॅड बदला. जोरात आपटल्यावर तर बदलाच, वरून ठीक दिसलं तरी.

कोपर-गुडघ्याचा संच घेतला की पाठीचा खिसाही उघडून बघा. पुष्कळ जॅकेटांत तिथे साधा फोम असतो, कसल्याही प्रमाणपत्राशिवाय. पाठीसाठी वेगळं मानक आहे, ईएन १६२१-२. आघात तेवढाच, ५० ज्यूलचा, पण सरासरी मर्यादा लेव्हल १ ला १८ आणि लेव्हल २ ला ९ किलोन्यूटन. पाठीचं पॅड वेगळं विकत घ्यावं लागतं. खिशाची लांबी-रुंदी टेपनं मोजून मगच दुकानात जा.