डरहॅममध्ये एकच दिवस: शहर, बीमिश की समुद्रकिनारा?

लंडनहून रेल्वेने साधारण तीन तासांत डरहॅम येतं. लिहायचं डरहॅम, तिकीट मागताना म्हणायचं 'डरम'. गाडी उंच पुलावर आली की पलीकडच्या टेकडीवर कॅथीड्रल दिसतं आणि बहुतेकांचा निर्णय तिथेच होतो. त्यांचं चुकतं असं नाही. 1093 मध्ये बांधायला घेतलेलं कॅथीड्रल, टेकडीला वळसा घालणारी विअर नदी, शेजारच्या किल्ल्यात राहणारे विद्यापीठाचे विद्यार्थी, यात अर्धा दिवस मजेत जातो. मात्र इथल्या जुन्या कोळसाखाणींच्या ओढीने आलात तर कॅथीड्रलमधलं खाणकामगारांचं स्मारक आणि तिथे टांगलेला दिवा, एवढंच हाती लागतं.

अपवाद जुलैच्या दुसऱ्या शनिवारचा. 1871 पासून चालत आलेला खाणकामगारांचा मेळावा तेव्हा भरतो. गावोगावच्या युनियन आपापला झेंडा घेऊन, बँड वाजवत शहरात शिरतात. आपल्याला दिंड्याच आठवतात. ज्या खाणीत त्या वर्षी माणूस गेला असेल, तिच्या झेंड्यावर काळं कापड असायचं.

मुलं बरोबर असतील तर बीमिशच्या खुल्या संग्रहालयात जा. जुन्या ट्रॅम, 1900 च्या सुमाराचं खाणकामगारांचं गाव, शाळा, आणि एक खरी खाण. तिच्यात वाकूनच शिरावं लागतं. थोड्याच वेळात कंबर बोलायला लागते. जेवणाचं मात्र बघून घ्या: कोळशाच्या भट्टीवरचे मासे नि चिप्स गाईच्या चरबीत तळतात. बाकी सगळं छान आहे, जरा जास्तच छान. खाणगाव इतकं स्वच्छ कुठलं असायला?

म्हणून माझं मत किनाऱ्याला. जवळच्या न्यूकॅसल शहराहून किनाऱ्यावरच्या सीहॅमला थेट रेल्वे आहे. खाणींचा कचरा या किनाऱ्यावर वर्षानुवर्षं ओतला, पुळणी काळ्या पडल्या. 1997 नंतर त्या साफ केल्या. आता सीहॅमला लोक वाकून रंगीत, गुळगुळीत काचा वेचत असतात. जुन्या बाटल्यांच्या कारखान्याने फेकलेली ती काच समुद्राने घासून परत दिली.

दक्षिणेला ईझिंग्टन, जुनं खाणगाव. 1951 च्या स्फोटात इथे 83 जण गेले, त्यातले दोघे वाचवायला उतरलेले. खाण 1993 मध्ये बंद झाली. आज नुसतं गवत, आणि माणसांना खाली नेणारा लोखंडी पिंजरा एकटाच उभा.

पश्चिमेचा हाय फोर्स धबधबा सुंदर आहे, पण स्वतःची गाडी असेल तरच. आईवडील बरोबर असतील तर सीहॅमवरच थांबा. ईझिंग्टनला वारा बोचरा असतो.