विंडोज अडकलं लॅपटॉपमध्ये, 90,998 रुपये गेले मोबाईलमधून

तारीख 18 नोव्हेंबर 2025, मंगळवार. मी नाशिकला घरून जीएसटीची कामं करते. 20 तारखेच्या आत सात जणांची रिटर्न्स भरायची होती. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबरला संपला, आणि लोकांचे हिशेब असलेलं मशीन तसंच वापरणं मला पटेना. म्हणून आदल्या रात्री सगळा डेटा बाहेरच्या हार्डडिस्कवर काढला, अधिकृत साइटवरून पेनड्राइव्ह तयार केला आणि सकाळी विंडोज 11 टाकायला घेतलं. हे सगळं मुद्दाम सांगतेय, कारण घरच्यांपासून पोलिसांपर्यंत प्रत्येकाने मला "कशाला हात लावायचा ज्यातलं कळत नाही" हेच ऐकवलं. मला कळत होतं. लॅपटॉप 2019 चा, आठव्या पिढीचा आय-5, विंडोज 11 साठी पात्र असलेला.

फाइल कॉपी झाल्या, मशीन पहिल्यांदा रीस्टार्ट झालं आणि तिथेच बसलं. काळा पडदा, मधे लोगो, खाली गोल फिरणारे ठिपके. दोन तास झाले तरी ठिपके फिरतच होते. मुलगा पुण्यात नोकरीला, दुपारचा मीटिंगमध्ये असतो, म्हणून त्याला फोन केला नाही. मोबाईलवर शोधलं तर सगळ्यात वर 'विंडोज हेल्पलाइन' आणि एक नंबर. वर बारीक अक्षरात 'प्रायोजित' लिहिलेलं होतं, ते मी वाचलं नाही. मायक्रोसॉफ्ट एररच्या मेसेजमध्ये कधीही फोन नंबर देत नाही आणि सपोर्टचा नंबर जाहिरातीतून घ्यायचा नसतो, हे आता पाठ झालंय.

पलीकडचा माणूस स्वच्छ मराठी बोलत होता. "ताई, टेन्शन घेऊ नका, तुमचं लायसन्स सर्व्हरवर ब्लॉक झालंय, रात्रीपर्यंत मशीन चालू करून देतो." लॅपटॉप अजून इंटरनेटला जोडलेलाच नव्हता, तर सर्व्हरवर काय दिसणार होतं त्याला? वर म्हणाला, "काही काढू नका, हार्डडिस्क तशीच राहू द्या, नाहीतर डेटा जाईल." हे वाक्य मी विसरू शकत नाही. का, ते पुढे सांगते.

मग त्याने मोबाईलमध्ये पडदा शेअर करणारं ॲप घ्यायला लावलं, "कॅमेऱ्यातून तुमची स्क्रीन बघतो" म्हणून. मी तिथेच फोन आपटायला हवा होता. बिघाड लॅपटॉपमध्ये, आणि ॲप माझ्या मोबाईलमध्ये? कॅमेऱ्यातून बघायचं तर साधा व्हिडिओ कॉल पुरत होता. वीस वर्षं मी लोकांच्या व्हाउचरमधल्या विसंगती पकडतेय आणि ही मला दिसली नाही. डोक्यात फक्त 20 तारीख होती.

4 वाजून 5 मिनिटांनी त्याने पाठवलेल्या लिंकवर डेबिट कार्डाने 2,499 रुपये भरले. कार्डाचा नंबर, मुदत, मागचे तीन आकडे, सगळं मी टाइप करत होते आणि तो बघत होता. मग म्हणाला, "आता मोबाईल टेबलावर पालथा ठेवा, हात लावू नका, प्रोसेस तुटेल." मी ठेवला. दोन-तीनदा टिंग वाजलं. मला वाटलं, त्याचेच मेसेज. तो बराच वेळ बोलेना म्हणून उचलून पाहिलं, तर 4:31 ला 49,999 गेलेले. ओटीपी मी कोणालाही सांगितला नाही. तो वरच्या पट्टीत येत होता आणि त्याला दिसत होता.

कॉल कापला आणि 4:38 ला बँकेला लावला. ॲप चालूच राहिलं, हे सुचलंच नाही. अशा वेळी आधी नेट बंद करा, ॲप उडवा, मग फोन लावा. बँकेचं यंत्र मला भाषा विचारत होतं, एक दाबा, चार दाबा, कार्डाचे आकडे टाका. 4:44 ला आणखी 38,500 गेले. कार्ड ब्लॉक झालं 4:49 ला. अकरा मिनिटं मी त्यांच्याच लाइनवर होते!

शाखेत म्हणतात, "मॅडम, तुमचाच निष्काळजीपणा." पहिल्या दोन रकमांपुरतं ते धरूनही चालू. पण त्या दिवशी लागू असलेलं रिझर्व्ह बँकेचं 6 जुलै 2017 चं परिपत्रक सांगतं की ग्राहकाने कळवल्यानंतरचं नुकसान बँकेचं. मी 4:38 लाच कळवायला लागले होते. त्यांच्या मते कळवण्याची वेळ म्हणजे कार्ड ब्लॉक झाल्याची वेळ. म्हणजे यंत्र जितकं रेंगाळेल तितकं ग्राहकाचं नुकसान आणि बँकेची सुटका? मॅनेजरनी मान वर करून बघितलंही नाही.

1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, 4:55 पासून लावत होते, लागला 5:40 ला. तोवर पैसे तिसऱ्याच खात्यात सरकले होते. पोलीस ठाण्यात सांगितलं, हे सायबरकडे न्या. सायबरवाल्यांनी रक्कम ऐकली आणि परत ठाण्यात पाठवलं. गुन्हा कोणत्याही हद्दीतला असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते, असं 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 म्हणतं. कलम दाखवलं तर हवालदार म्हणाले, "ताई, वकील आहात का?" तीन खेपा घातल्यावर अर्ज घेतला, तोही शिक्क्याशिवाय देत होते. शिक्का मिळेपर्यंत मी बाकावरून उठले नाही.

आणि लॅपटॉप? दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्या पोराकडे नेला. त्याने पॉवरचं बटण दाबून धरून मशीन बंद केलं, बाहेरून जोडलेली हार्डडिस्क, माऊसचा डोंगल, प्रिंटरची वायर सगळं काढलं आणि पुन्हा चालू केलं. पंचवीस मिनिटांत डेस्कटॉप आला. इन्स्टॉल करताना पेनड्राइव्ह सोडून बाहेरचं काही जोडून ठेवायचंच नाही म्हणाला, त्यामुळे पहिल्या रीस्टार्टला मशीन अडकू शकतं. जे काढू नका म्हणून तो भामटा बजावत होता, तेच काढायचं होतं. पोराने 300 रुपये घेतले.

बँकेला लेखी तक्रार 19 नोव्हेंबरला दिली. तीस दिवस उलटले, उत्तर नाही. आता रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे अर्ज केलाय, 4:38 च्या कॉलचा स्क्रीनशॉट आणि 4:44 चा मेसेज जोडून. भांडण 38,500 चं आहे आणि मी ते सोडणार नाही. तुमचं असं काही झालं तर कॉल लॉग पुसू नका, आणि पोच हातात पडल्याशिवाय काउंटर सोडू नका.