छोट्या ट्रॅक्टरची गावठी हायड्रॉलिक विंच: एका हंगामाच्या वापरानंतर

बांधावरची बाभूळ किंवा वळवाच्या वाऱ्यात उन्मळून पडलेला कडुनिंब कापणे आता फारसे अवघड राहिलेले नाही, कारण चेनसॉ चालवणारा माणूस बहुतेक गावांत मिळतो. अडचण येते ती कापलेले खोड नाल्यातून वर काढून ट्रॉलीपर्यंत आणताना. बैलजोड्या कमी झाल्या आहेत, जेसीबी उभ्या पिकातून नेता येत नाही, आणि छोट्या ट्रॅक्टरला साखळी बांधून ओंडका ओढायला गेल्यास मागची चाके जागीच फिरतात किंवा पुढची उचलली जातात. ट्रॅक्टर जागेवर उभा ठेवून वायर रोपने लाकूड आपल्याकडे ओढून घेण्याची सोय असावी, म्हणून आमच्या २४ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरसाठी जिंतूर भागातील एका वर्कशॉपकडून हायड्रॉलिक विंच, म्हणजे तेलाच्या दाबाने ड्रम फिरवून रोप गुंडाळणारे यंत्र, बनवून घेतली. नॉर्वे, फिनलंड, स्लोव्हेनिया या देशांत अशा विंच कारखान्यात तयार होतात, पण त्या बहुतांशी पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे इंजिनने फिरणाऱ्या शाफ्टवर, यांत्रिक क्लचने चालतात आणि मोठ्या ताकदीच्या असतात. आपल्याकडे असे यंत्र हवे असेल, तर ते जुळवून घेण्यावाचून इलाज नाही.

आधी यंत्राची रचना सांगतो, म्हणजे पुढचे गुणदोष कळतील. ट्रॅक्टरच्या मागच्या, अवजारे जोडायच्या थ्री पॉइंट लिंकेजला बसणारी ७५ मिलिमीटर चॅनेलची फ्रेम आहे आणि तिच्या तळाशी जमिनीत रुतणारी जाड पोलादी प्लेट आहे. पीटीओच्या मिनिटाला ५४० फेऱ्या बेल्ट आणि पुल्यांनी सुमारे १५०० पर्यंत वाढवून १४ सीसीचा, म्हणजे एका फेरीत तितके तेल ढकलणारा, गिअर पंप फिरवला जातो, आणि तो मिनिटाला २० लिटरच्या आसपास तेल देतो. हे तेल २०० सीसीच्या ऑर्बिट मोटारला, म्हणजे तेलाच्या दाबाने सावकाश पण जोरात फिरणाऱ्या मोटारला, मिळते. मोटारवरून १९ आणि ३८ दातांच्या स्प्रॉकेटवरून जाणारी पाऊण इंची पिचची चेन ड्रम फिरवते, त्यामुळे वेग निम्मा आणि जोर दुप्पट होतो. ड्रम ११४ मिलिमीटर व्यासाच्या पाइपचा असून त्यावर ८ मिलिमीटरचा वायर रोप आहे. तेलाचा दाब ठरलेल्या मर्यादेपुढे जाऊ न देणारा रिलीफ वॉल्व्ह ११० बारवर (बार हे दाबाचे माप) ठेवल्यास हिशेबाने पहिल्या थरावर ९०० किलोंच्या वर ओढ मिळते, आणि रोप मिनिटाला १७ मीटरच्या आसपास गुंडाळला जातो.

हे आकडे पाहून अनेकांना यंत्र दुबळे वाटते. वर्कशॉपमधल्या मिस्त्रींनाही तसेच वाटले होते. यंत्र ताब्यात देताना ते म्हणाले, “मालक, प्रेशर अजून वाढवून देऊ का? मोटार सहज सोसती.” मोटार सोसेल यात शंका नाही, पण आमच्या ट्रॅक्टरचे वजन टनाच्या आतबाहेर आहे आणि १६० बारवर हीच विंच सव्वा टनाहून अधिक ओढेल. तेव्हा ओंडक्याऐवजी ट्रॅक्टरच मागे घसरू लागेल. शिवाय गरज किती आहे, तेही पाहिले पाहिजे. ६० सेंटिमीटर व्यासाच्या आणि ४ मीटर लांबीच्या बाभळीच्या खोडाचे घनफळ १.१ घनमीटरच्या जवळपास भरते, म्हणजे ओले असताना त्याचे वजन टनाच्या पुढे जाते. मात्र सपाट रानात ते ओढायला त्याच्या वजनाइतका जोर लागत नाही, आणि उताराच्या किंवा अडलेल्या खोडासाठी कप्पी टाकून ओढ जवळजवळ दुप्पट करता येते. खोड एखाद्या खोडक्यात अडकले की यांत्रिक विंचमध्ये क्लच घसरेपर्यंत किंवा काहीतरी तुटेपर्यंत ओढ वाढत राहते. येथे रिलीफ वॉल्व्ह उघडतो, पंपाचा आवाज बदलतो आणि ड्रम थांबतो. माझ्या मते हायड्रॉलिक विंच घेण्याचे खरे कारण हेच आहे, आणि ते प्रेशर वाढवून घालवून बसू नये.

ओढीबद्दल आणखी एक बाब वर्कशॉपवाल्यांनी आपणहून सांगायला हवी होती. ड्रमवर रोपचे थर चढत जातात तसा ड्रमचा प्रत्यक्ष व्यास वाढतो, वेग वाढतो आणि ओढ कमी होते. तिसऱ्या थरावर ती पहिल्या थराच्या पाचव्या हिश्श्याने घटलेली असते. म्हणून लांब रोप असला की जास्त चांगले, हा समज चुकीचा आहे. ४० मीटर पुरतो, आणि ड्रमवर शेवटचे चार वेढे कधीही सोडायचे नसतात, कारण रोपचे टोक धरणाऱ्या बोल्टवर भार येऊ न देणे हे त्या वेढ्यांचे काम आहे.

आता बांधणीकडे येतो. सर्वांत चांगले काम ड्रमचे आहे. खर्च वाचवण्यासाठी काही ठिकाणी ड्रम थेट मोटारच्या शाफ्टवर चढवतात आणि मग रोपची सगळी बाजूची ओढ मोटारच्या बेअरिंगवर येते. येथे ड्रमला ४० मिलिमीटरचा स्वतंत्र शाफ्ट आणि दोन्ही बाजूंना बेअरिंग ब्लॉक आहेत. ड्रमच्या कडांच्या चकत्या लेथवर अचूक गोल करून घेतल्या आहेत. हाताने फिरवून पाहिले तेव्हा कडेशी धरलेल्या खडूची रेघ सगळीकडे सारखी उमटली. रोप ज्या रोलरमधून बाहेर पडतो तो जमिनीपासून गुडघ्याच्या खाली, म्हणजे मागच्या आसापेक्षा बराच खाली आहे. हे अतिशय महत्त्वाचे आहे, कारण ओढ आसाच्या वर गेली की ट्रॅक्टर मागे पालथा होण्याचा धोका असतो. असे यंत्र बनवून घेणाऱ्याने मोटारचा सीसी विचारण्याआधी ही उंची टेपने मोजावी.

तळाच्या प्लेटबद्दल मात्र मिश्र अनुभव आहे. दिवाळीनंतरच्या ओलसर काळ्या मातीत ती इतकी छान बसते की ट्रॅक्टर हलत नाही. चैत्र-वैशाखात तीच माती दगडासारखी होते, प्लेट वरच्यावर घासत राहते आणि चार चाकांची ताकद असूनही ट्रॅक्टर सरकतो. अशा वेळी ट्रॅक्टर बांधाला टेकवून उभा करणे हा एकमेव उपाय उरतो. वर्कशॉपने प्लेटच्या खालच्या कडेला दातेरी पट्टी जोडून देण्याची तयारी दाखवली आहे.

तक्रारीची पहिली जागा पंपाची होती. बेल्टची पुली थेट गिअर पंपाच्या शाफ्टवर बसवली होती. गिअर पंपाचा शाफ्ट फिरवण्यासाठी असतो, बाजूची ओढ सोसण्यासाठी नसतो. परिणामी ऑइल सील लवकरच गळू लागले आणि पंपाखालची फ्रेम तेलाने माखून गेली. सांगितल्यावर वर्कशॉपने पुलीला वेगळे बेअरिंग हाउसिंग करून पंप कपलिंगने जोडला, त्याचे पैसे घेतले नाहीत, पण ऐन कामाच्या दिवसांत यंत्र तिकडे पडून राहिले.

दुसरी तक्रार वॉल्व्हची आहे आणि ती अधिक बारकाईची आहे. सुरुवातीला ट्रॉली उचलण्यासाठी वापरतात त्या धाटणीचा वॉल्व्ह बसवला होता. सिलिंडरसाठी असलेल्या अशा वॉल्व्हमध्ये लिव्हर सोडताच दोन्ही वाटा बंद होतात. सिलिंडरला ते योग्य असते, पण फिरत्या मोटारला अचानक बंद वाट मिळाली की धक्का बसतो, होज (तेलाच्या रबरी नळ्या) ताठ होतात आणि चेन खडखडते. मोटारसाठीच्या स्पूलमध्ये, म्हणजे वॉल्व्हमधल्या तेलाची वाट बदलणाऱ्या दांड्यात, मधल्या जागी दोन्ही वाटा टाकीकडे उघड्या राहतात, म्हणून ड्रम सावकाश थांबतो. असा स्पूल आणि हात सुटताच आपोआप मध्यावर येणारा लिव्हर बसवल्यानंतर यंत्राचा स्वभावच बदलला. मध्यावर ओढ पूर्ण सुटते आणि उतारावरचा ओंडका परत घसरू शकतो, म्हणून ड्रमच्या कडेवर पडणारा एक खटका दिलेला आहे. ऑर्बिट मोटार आतून थोडे तेल सोडतच असते, तेव्हा कोणताही वॉल्व्ह असला तरी हा खटका लागतोच. अशा विंचने माणूस किंवा टांगलेले ओझे उचलणे पूर्णपणे वर्ज्य आहे.

रोप हाताने ओढत न्यायचा असेल तेव्हा ड्रम चेनपासून सुटा होतो. सुटा ड्रम जोरात फिरला की रोप सैल पडून गुंता होतो. यावर मिस्त्रींनी जुन्या कन्व्हेअर बेल्टची चार बोटे रुंद पट्टी स्प्रिंगने ड्रमच्या कडेवर दाबून ठेवली आहे. संपूर्ण यंत्रात सर्वांत स्वस्त वस्तू तीच असावी, आणि मला सर्वांत जास्त आवडलेलीही तीच.

तिसरी आणि अजून न सुटलेली तक्रार उष्णतेची आहे. तेलाची टाकी २५ लिटरची आहे, म्हणजे पंपाच्या एका मिनिटाच्या पुरवठ्यापेक्षा थोडीच मोठी. निदान दुपटीची टाकी असावी. ११० बारवर मिनिटाला २० लिटर तेल रिलीफ वॉल्व्हमधून जाते तेव्हा साडेतीन किलोवॉटहून अधिक शक्ती केवळ तेल तापवण्यात जाते. मराठवाड्यातील एप्रिल-मेमध्ये हवाच ४० अंशांच्या वर असते, तिथे लहान टाकीला थंड व्हायला वाव राहत नाही. तेल जाडसर, ६८ ग्रेडचे घातले आहे, तरी दुपारी ओढ मंदावल्याचे जाणवते. त्यामुळे उन्हाळ्यात आम्ही काम सकाळीच उरकतो.

सुरक्षिततेच्या बाबतीत वर्कशॉपने दिलेले यंत्र अपुरे होते, हे स्पष्ट लिहिले पाहिजे. लिव्हर ड्रमच्या मागे, नेमका रोपच्या रेषेत होता. ताणलेला रोप तुटला तर तो त्याच रेषेत परततो. लिव्हर लांब दांड्याने मडगार्डच्या बाजूला आणून घेतला आणि सीटमागे जाड जाळी लावून घेतली. रोपच्या टोकाचे क्लॅम्पही उलटसुलट लावलेले होते. यू-बोल्ट नेहमी रोपच्या मोकळ्या टोकावर यावा आणि खोगिराचा भाग भार घेणाऱ्या दोरावर, हा नियम सगळ्या क्लॅम्पना लागू आहे. होजला बारीक छिद्र पडल्याची शंका आली, तर तिथे हात फिरवू नये, पुठ्ठ्याचा तुकडा धरावा, कारण त्या दाबाचे तेल कातडीतून आत शिरते.

खर्च पंप, मोटार, वॉल्व्ह, लोखंड, रोप आणि मजुरी धरून पन्नास हजारांच्या पुढे, पण साठच्या आत गेला. बांधावर बाभळी, निलगिरी किंवा सुबाभूळ असणाऱ्याला, किंवा दोन-तीन शेतकऱ्यांनी मिळून घेतल्यास, हा व्यवहार परवडतो. वर्षाकाठी एखादेच झाड काढणाऱ्याने जेसीबीच बोलवावा. आंबा आणि चिंच ही झाडे स्वतःच्या रानातली असली, तरी १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीत आहेत, तेव्हा विंच हाती आली म्हणून परवानगीशिवाय त्यांना हात लावता येत नाही.

पंप आणि मोटारचे पक्के बिल मिळते आणि त्यावर विक्रेत्याची हमी असते. फ्रेम, ड्रम आणि वेल्डिंगबद्दल मात्र वर्कशॉपचा फक्त शब्द आहे. आम्ही शेवटचा हप्ता देण्यापूर्वी टाकीचा आकार, वॉल्व्हचा प्रकार आणि रिलीफ वॉल्व्हचे ११० बारवर शिशाने केलेले सील या तिन्ही गोष्टी बिलाच्या मागे हाताने लिहून, सहीनिशी घेतल्या. मोठी टाकी दसऱ्यापूर्वी बसवून द्यायची, असे त्यातच ठरले आहे.