सूर्यडागातले तंतू: नळीचं मॉडेल घ्यावं की त्रिमितीय सिम्युलेशन?

सूर्यडागाच्या काळ्या गाभ्याभोवती तंतूंची जी झालर दिसते, ती उपच्छाया. तिच्या आतल्या भागात दोन उलट हालचाली एकाच वेळी चालतात. तंतूंच्या टोकाचे तेजस्वी ठिपके सेकंदाला साधारण अर्धा किलोमीटर वेगाने गाभ्याकडे सरकतात आणि वायू मात्र कित्येक किलोमीटर वेगाने बाहेर वाहतो. हा प्रवाह जॉन एव्हरशेड यांनी १९०९ मध्ये कोडाईकनालला शोधला. प्रकल्पासाठी मॉडेल निवडताना मी आधी हेच विचारते: दोन्ही हालचाली एकाच कारणातून निघतात का?

श्लिखेनमायर, यान आणि श्मिट यांच्या १९९८ च्या मॉडेलात निघतात, आणि फार सुरेख निघतात. एक बारीक चुंबकीय नळी (म्हणजे चुंबकीय रेषांची वायूने भरलेली जुडी) डागाच्या कडेला तापते, हलकी होऊन वर येते. ती पृष्ठभागाला जिथे छेदते, तो बिंदू आत सरकत जातो. तोच आपला ठिपका. त्यातून वर आलेला वायू थंड होत नळीतून बाहेर धावतो. गणित एकमितीय असल्याने साध्या संगणकावर चालतं, आणि कुठलं बल काय करतं ते हाताने तपासता येतं. नवख्याने सुरुवात इथूनच करावी.

पण उपच्छायेचं तेज शांत सूर्याच्या, म्हणजे डाग नसलेल्या पृष्ठभागाच्या, सुमारे तीन चतुर्थांश असतं. एवढी उष्णता अशा नळ्या पुरवू शकत नाहीत. इथे मॉडेल थिटं पडतं.

ती उष्णता अभिसरणातून, म्हणजे तापलेला वायू वर येऊन थंड झालेला खाली जाण्यातून येते, हे म्युरॅमसारख्या त्रिमितीय सिम्युलेशनच्या संगणक प्रणालींनी दाखवलं. रेम्पेल, श्यूस्लर आणि क्नोल्कर यांच्या २००९ च्या सिम्युलेशनमध्ये तंतू आणि बाहेरचा प्रवाह आपोआप तयार झाले. किंमत मोठी आहे: महासंगणक हवा आणि विदाही डोंगराएवढी. शिवाय पसरट उपच्छाया मिळवायला सिम्युलेशनच्या वरच्या सीमेवर चुंबकीय क्षेत्र मुद्दाम आडवं करावं लागतं. ही अट मला खटकते. प्रबंधात ती स्पष्ट लिहावी.

वर्षभराचा एमएस्सी प्रकल्प असेल तर नळी. तेजाचा किंवा उष्णतेचा प्रश्न असेल तर त्रिमितीयच, तेही महासंगणकावरचा वेळ आधी पक्का करून.

पडताळणीसाठी हिनोदे या जपानी सौर उपग्रहाची निरीक्षणं घ्या; त्याच्या दुर्बिणीला सुमारे २०० किलोमीटरचा तपशील दिसतो. आदित्य-एल१ या भारतीय सौरयानावरची, पुण्याच्या आयुका संस्थेत घडलेली ‘सूट’ (SUIT) ही अतिनील दुर्बीण आपल्या अभिमानाची, पण ती संपूर्ण सूर्यबिंब टिपते. तिच्या चित्रात हे तंतू सुटे दिसत नाहीत.