७०-३०० की १५०-६००: धुऱ्यावर बसून केलेला हिशेब

कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ मिमीची लेन्स वापरून कंटाळा आला, हरणाचा फोटो काढला तर नुसतं जंगल दिसते आणि हरीण शोधावं लागते, आता मोठी झूम घ्यायची आहे, तर ७०-३०० घेऊ का थोडे पैसे जमवून एकदाच १५०-६०० घेऊन टाकू? आमच्या भागातल्या पोरांनी हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला की म्हटलं एकदा बसून लिहूनच काढतो.

माझं सांगायचं तर मी दोन्ही घेतल्या, आणि उलट्या क्रमानं घेतल्या. आधी मोठी, सेकंड हँड, नागपूरवरून. दीड वर्ष वापरली. मग छोटी. कॅमेरा दोन्हीला तोच, निकॉनचा डी७२००. राहायला मी गोंदिया जिल्ह्यात, धानाच्या पट्ट्यात, म्हणजे जे काही सांगून राहिलो ते बांधी (बांध घातलेलं धानाचं वावर), मामा तलाव (जुने माजी मालगुजारी तलाव), नागझिरा, शंकरपट (बैलजोड्यांची शर्यत) आणि वर्षातून एखादी ताडोबाची चक्कर एवढ्यापुरतंच खरं धरा. लॅबमध्ये तक्ते लावून शार्पनेस मोजणाऱ्याचं हे लिहिणं नाही.

पोचचं, म्हणजे लेन्स किती लांबचं जवळ ओढते त्याचं, आधी बोलून घेऊ, कारण सगळ्यांचा जीव तिथंच अडकलेला असते. ६०० म्हणजे ३०० च्या दुप्पट, हे काही कोणाला सांगायला नको. पण दुप्पट म्हणजे नेमकं किती हे वावरात उभं राहिल्यावरच कळते. सारस उभा राहिला की जवळपास माणसाएवढा, साडेपाच-सहा फूट. ३०० मध्ये तो चाळीसेक मीटरवर असला तरी आडव्या फ्रेममध्ये डोक्यापासून पायापर्यंत मस्त बसते. आमच्या इकडच्या हिशेबानं दोन-तीन बांध्या पलीकडे. ६०० वाला तोच फोटो ऐंशी मीटरवरून काढते. आता सारसासाठी हे ऐंशी मीटर लागतात का? माझ्या अनुभवात तर नाही लागत, कारण धानपट्ट्यातला सारस माणसं पाहूनच मोठा झालेला असते, निंदण करणाऱ्या बाया वीस पावलांवर असल्या तरी तो आपलं चरत राहते. लहान पाखरांचं मात्र वेगळं आहे. खंड्या, वेडा राघू, तलावाच्या मधोमध बसलेली बदकं, इथं ३०० वाला रडते. खोटं कशाला बोलू, मीही रडलो.

पण एक गोष्ट लोक विसरतात. २४ मेगापिक्सेलचा फोटो ३०० वर काढून मधला भाग कापला आणि ६०० एवढा केला तरी हातात सहा मेगापिक्सेल उरतात. मोबाईलवर, व्हॉट्सॲपवर, अगदी ए४ प्रिंटलाही ते चालून जाते. भिंतीएवढा फ्लेक्स छापायचा असला तर सोडा. आणि सहाशेचे सहाशे दरवेळी कामी येतात असंही नाही. मार्चनंतर सकाळचे नऊ वाजले की कापलेल्या धानावरून, डांबरी रस्त्यावरून जी गरम हवा उठते ना, तिच्यातून शंभर मीटरवरचं काहीही पाण्याखाली ठेवल्यासारखं हलते. तेव्हा कितीही महाग लेन्स लावा, फोटो मऊच येणार. मी पहिला पूर्ण उन्हाळा लेन्स खराब आहे म्हणून नागपूरला फोन करत होतो. लेन्समध्ये काहीच नव्हतं, मी बारा वाजता फोटो काढत होतो.

वजनाचं जास्त लिहीत नाही. सिग्माची १५०-६०० कंटेम्पररी १.९ किलोच्या वर, टॅमरॉनची जी२ साधारण दोन किलो, निकॉनची स्वतःची २००-५०० कॉलरसकट (तिपाईला लावायचं कडं) २.३ किलो. याउलट निकॉनची एएफ-पी (नव्या फोकस मोटरवाली) ७०-३०० फुल फ्रेमवाली, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याची, ६८० ग्रॅम, आणि लहान सेन्सरसाठीची डीएक्सवाली तर ४०० च्या थोडीशी वर. कागदावर हा दीड किलोचा फरक आहे. पण सकाळी साडेपाचला मोटरसायकलवर, थंडीत, गळ्यात लटकवून, पांदणीतल्या गड्ड्यांमधून आठ किलोमीटर गेलं की तो पाच किलोचा होते. मोठी लेन्स गळ्यात लटकवायचीच नाही, कॅमेऱ्याच्या माउंटवर ताण येते, तिच्या कॉलरला पट्टा बांधायचा. म्हणजे पाठीवर बॅग आली, बॅग आली म्हणजे उतरून, चेन उघडून, काढून, तोवर सारस उडाला.

ताडोबा-नागझिऱ्यात मोठी लेन्स लागतेच, असं सगळे म्हणतात. लागते, काही वेळा. बिबट झाडावर दूर बसला असला तर देवासारखी धावून येते. पण वाघ जिप्सीच्या रस्त्यानं सरळ तुमच्याकडे चालत येऊन राहिला असला तर माझ्या कॅमेऱ्यासारख्या क्रॉप, म्हणजे लहान, सेन्सरवर १५० म्हणजे २२५ होतात, आणि मागं सरकायला जागा नसते, मागं सहा लोक आणि गाईड. माझ्याकडे त्या दिवशीचे नाक आणि मिशांचे चौदा फोटो आहेत. शेजारच्या सीटवरच्या माणसाकडे ७०-३०० होती, त्याच्याकडे अख्खा वाघ आहे, मागं बांबू आणि धुळीचा रस्ताही आहे, आणि खरं सांगतो, त्याचा फोटो जास्त छान आहे.

शंकरपटाचं तसंच. २०२१ च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टानं परवानगी दिल्यापासून आमच्याकडे पट पुन्हा जोरात सुरू झाले, २०२३ ला तर कायद्यावरही शिक्कामोर्तब झालं. जोडी सुटते तेव्हा ती लांब असते, तिथं ३०० पुरते. आणि काही सेकंदात ती तुमच्या अंगावर येते, तिथं ७० लागते. १५०-६०० वाला पहिला अर्धा पट जिंकते आणि शेवटी, जिथं बैलाच्या तोंडाला फेस, हाकणाऱ्याचे दात आणि उडालेली माती एका फोटोत मिळते, तिथं त्याच्या हाती नुसतं बैलाचं वशिंड. रात्री पटानंतर झाडीपट्टीचं नाटक असते, तिथं या दोन्ही लेन्स घरी ठेवा, ५.६ आणि ६.३ च्या ॲपर्चरवर, म्हणजे लेन्समधून एवढा कमी उजेड घेऊन, स्टेजचे फोटो काढणं म्हणजे आयएसओची परीक्षा. ५० मिमी १.८ घ्या, त्यावर वाद नाही.

आता मुद्द्यावर येतो. वर जे लिहिलं ते सगळं सहन झालं असतं. वजन झालं असतं, वाघाचं नाक झालं असतं. माझी मोठी लेन्स विकल्या गेली ती वेगळ्याच कारणानं, आणि ते कारण मला एकाही रिव्ह्यूत वाचायला भेटलं नव्हतं.

लोकं थांबतात.

नोव्हेंबरची गोष्ट, धान कापून झालेलं, खाली पडलेले दाणे टिपायला सारसाची जोडी रोज एका ठरलेल्या वावरात उतरत होती. मी धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, तणसाच्या ढिगाला टेकून बसलो, मोनोपॉडवर ती तोफ लावली, हूड लावला की ती हातभर लांब दिसते. दहा मिनिटं झाली असतील, एक बंडी थांबली. मग सायकलवाला. मग मोटरसायकलवरचे दोघं. पहिला प्रश्न ठरलेला: मोजणी चालू आहे का? कुठून नवा रस्ता जाते, कोणाचं वावर जाते, याचीच चर्चा गावोगावी, आणि मी तीन पायाचं नाही पण एका पायाचं यंत्र घेऊन वावराकडे तोंड करून बसलेला. एक म्हातारे बाबाजी तर समोरच येऊन उभे राहिले, म्हणे, साहेब, आमच्या दोन एकरातून किती जाते तेवढं सांगून द्या. मी म्हटलं बाबाजी, मी साहेब नाही, पाखराचे फोटो काढतो. ते म्हणे, पाखरासाठी एवढी मोठी? आणि त्यांचं काय चुकलं सांगा. मग सगळ्यांनी बारीनं डोळा लावून पाहिलं, किती लाखाची आहे विचारलं, चंद्रावरचे खड्डे दिसतात का विचारलं. तोवर सारस तुतारी फुंकल्यासारखे ओरडत चालत चालत चार वावरं पलीकडे गेले होते.

एकदा झालं असतं तर गंमत म्हणून सांगितलं असतं. दरवेळी झालं. मी उपायही करून पाहिले, लेन्सला हिरवा दुपट्टा गुंडाळला, तर ते आणखी वाईट, लांबट वस्तू कापडात गुंडाळून सकाळी अंधारात जंगलाकडं जाणारा माणूस आपल्या भागात कसा दिसत असेल ते तुम्हीच समजून घ्या. पोलीस पाटील घरी येऊन चहा पिऊन गेले, चांगले माणूस आहेत, पण विचारायचं ते विचारलंच.

छोटी लेन्स घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात फरक कळला. तोच धुरा, तेच सारस, आणि बंडीवाल्यानं लांबूनच विचारलं, कोणाचं लग्न आहे गा? मी म्हटलं आहे एका दोस्ताचं. तो गेला. बस. ७०-३०० लावलेला कॅमेरा म्हणजे लग्नाचा फोटोग्राफर, हे आता प्रत्येक गावाला माहीत आहे, आणि लग्नाच्या फोटोग्राफरकडे कोणी दुसऱ्यांदा पाहत नाही. सारसही पाहत नाहीत असं मला वाटते. मोठं गोल काच उचललं की ते मान वर करायचे, छोट्याला कमी बिचकतात. हे सिद्ध करायला माझ्याकडे काही नाही, नुसते फोटो आहेत, छोट्या लेन्सचे जास्त आणि जवळचे.

आता तुमचं काम माझ्यासारखंच असेल असं नाही. तुम्ही तलावावरची बदकं, शिकारी पक्षी, लहान पाखरं एवढंच करणार असाल, एका जागी बीनबॅगवर टेकून बसायची सवय असेल, तर १५०-६०० घ्या, ३०० वर तुमचं मन भरणार नाही. फक्त दोन गोष्टी पाहा. एक, या लेन्स लांब टोकाला ६.३ होतात, आणि डीएसएलआरचे फोकस पॉइंट बहुतेक ५.६ च्या हिशेबानं केलेले असतात, डी७२०० मध्ये एफ/८ ला ५१ पैकी मधला एकच पॉइंट चालते. म्हणून संध्याकाळी झाडाखाली मधला पॉइंट वापरा. निकॉनची २००-५०० अखेरपर्यंत ५.६ राहते, हा तिचा मोठा गुण, वजन झेपत असेल तर. दुसरं, हातानं ६०० वर काढायचं तर शटर १/१००० सेकंदाहून हळू नेऊ नका, स्टॅबिलायझर आहे म्हणून ढिलाई नको, तो तुमचा हात थांबवते, पाखराची मान नाही.

आणि वर्षातून दोन दिवस ताडोबाला जायचं एवढ्यासाठी कोणी मोठी घेऊन राहिला असेल तर राहू द्या ना भाऊ, नागपुरात भाड्यानं भेटते.

छोटीकडे वळणार असाल तर नाव नीट वाचा. निकॉनच्या डीएक्स एएफ-पी ७०-३०० चे दोन प्रकार आहेत, एकात व्हीआर (निकॉनचा स्टॅबिलायझर) आहे, एकात नाही, दोनचार हजार वाचवायला बिना व्हीआरची घेऊ नका. डी९०, डी३१००, डी५१०० अशा जुन्या कॅमेऱ्यांवर एएफ-पी लेन्सचं ऑटोफोकसच चालत नाही, तिथं जुनी एएफ-एस शोधा. डी७२०० वर चालते, पण आधी फर्मवेअर अपडेट करा, आणि कॅमेऱ्याचा लाइट मीटर बंद होऊन परत चालू झाला की फोकस जागचं हललेलं असू शकते, म्हणून स्टँडबाय टायमर वाढवून ठेवा. कॅनॉनवाल्यांना ५५-२५० एसटीएम आहे, ३७५ ग्रॅम, खिशात मावेल अशी, पोच थोडी कमी पण पैशाच्या मानानं मला तरी उत्तम वाटली. एक आणखी, छोटी लेन्स सव्वा मीटरपर्यंत जवळ फोकस करते, म्हणजे पावसाळ्यात फुलपाखरं, चतुर, पोळ्याच्या बैलाच्या शिंगावरचा बेगड, सगळं होते. सिग्माच्या मोठीला २.८ मीटर लागतात.

सेकंड हँड घेताना, छोटी असो का मोठी, मोबाईलचा टॉर्च मागून मारून समोरून पाहा. आपल्याकडचा जुलै-ऑगस्ट काचेला बुरशी लावते, कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते. थोडी धूळ चालते, बुरशी नाही. घरी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा, कपाटात कपड्यात नको.

माझी मोठी एका दोस्तानं घेतली, तलावाच्या कामाची आहे म्हणून, आणि तो खुश आहे. डिसेंबरात पट्टकदंब उतरले की मी तिच्यासाठी त्याला फोन करतो, दोन दिवस मागून आणतो, नवेगावबांधला घेऊन जातो. ते तर थेट पाण्याच्या मध्ये बसतात, तिथं ३०० चं काम नाही. आणि तलावाच्या पारीवर सकाळी सहाला, त्या थंडीत, मोजणी चालू आहे का विचारायलाही कोणी येत नाही.