कॅमेऱ्याच्या पट्टीपायी ४२ हजार गेले

लिहू का नको लिहू करत दोन महिने गेले, पण परवा शेजारच्या गावात असाच प्रकार झाला म्हणून लिहितोच. हसायचं असेल तर हसा.

आमचं गाव दारव्हा तालुक्यातलं. नेट म्हणजे मोबाईलचा हॉटस्पॉट, तोही फोन स्लॅबवर नेऊन ठेवला तर. मोठ्या पोरीचा पुण्याच्या कंपनीत ऑनलाईन इंटरव्ह्यू होता सकाळी ११ ला, आणि आदल्या दिवशी संध्याकाळी मैत्रिणीला कॉल लावून पाहिला तर आवाज जाते पण चेहरा नाही, नुसती काळी स्क्रीन. लॅपटॉप सेकंडहँड, यवतमाळहून १६ हजाराला घेतलेला. कॅमेऱ्याच्या बाजूचा बारका पांढरा लाईट मात्र लागून होता, हे ध्यानात ठेवा, पुढं कामाचं आहे. दोनदा रीस्टार्ट केला, ॲप काढून पुन्हा टाकलं, काही नाही. पोरगी रडायला आली.

मग मी हुशारी केली. सर्चमध्ये लॅपटॉप कंपनीचं नाव टाकून कस्टमर केअर नंबर शोधला, सगळ्यात वर आला तोच लावला. वरती बारीक अक्षरात जाहिरात असं लिहिलेलं असते ते नंतर समजलं. पलीकडचा माणूस हिंदीत, एकदम अदबीनं, सर सर करत. त्यानं रिमोटचं, म्हणजे लांबून आपला लॅपटॉप चालवायचं, एक ॲप टाकायला लावलं, त्यातला नंबर वाचून घेतला, आणि माऊस आपोआप फिरायला लागला. मला वाटलं वा, काय सर्व्हिस आहे.

त्यानं विंडोजमधलं इव्हेंट व्ह्युअर उघडलं, म्हणजे लॅपटॉपच्या बारीकसारीक घडामोडींची नोंदवही. त्यात लाल-पिवळ्या खुणांची ही एवढी मोठी रांग. म्हणे सर, हॅकर आपका कॅमेरा चला रहा है, बिटिया का वीडियो बन रहा होगा. पोरीचं नाव निघाल्यावर बापाचं डोकं काय चालणार सांगा. आता माहीत झालं की तशा खुणा चांगल्या चालणाऱ्या लॅपटॉपमध्येही शेकड्यानं असतात, तुमचा आत्ता उघडून पाहा.

मग दहा रुपये रजिस्ट्रेशन फी. बँकेचं नेट बँकिंग त्याच लॅपटॉपवर उघडलं, पासवर्ड टाकला, तो पाहतच होता. तेवढ्यात स्क्रीन काळी झाली, म्हणे स्कॅनिंग चालू आहे, मोबाईलवर कॅमेऱ्याचा ॲक्टिव्हेशन कोड आला असेल तो सांगा. बायको भाकरी थापत होती, तिथूनच ओरडली, "अहो, कोड कायले सांगून राह्यले त्याले?" मी हातानं गप केलं तिला. दोन कोड सांगितले. २४,९०० आणि लगेच १७,५००. नुकताच नऊ क्विंटल कापूस जिनिंगवर घातला होता, त्याचेच पैसे. मेसेजमध्ये रक्कम लिहिलेली होती हो, पण मी फक्त सहा आकडे वाचले.

पोरीनं मेसेज पाहिला आणि आधी हॉटस्पॉट बंद केला, हे तिचं डोकं. लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला, फोन लावला, पाच-सात वेळा बिझी, मग लागला. सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार टाकली, बँकेच्या नंबरवर खातं ब्लॉक केलं. ११ हजार पुढच्या कोणत्या तरी खात्यात होल्ड झाले म्हणतात, हातात अजून रुपया नाही. बँकेत गेलो तर साहेबांनी रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम दाखवला, की ओटीपी आपणच दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतर गेलं तर बँकेचं. म्हणून जितकं लवकर कळवाल तितकं बरं. आणि अशा रिमोट ॲपबद्दल रिझर्व्ह बँकेनं २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं म्हणे, आमच्या गावात ते पोचलंच नाही.

आता कॅमेऱ्याचं ऐका. रात्री पुतण्या आला, पॉलिटेक्निकला आहे. लॅपटॉप हातात घेतला, कॅमेऱ्यावर नख लावलं, टिक असा आवाज आला आणि त्याचं तोंड स्क्रीनवर. कॅमेऱ्यावर बोटाच्या नखाएवढी सरकती पट्टी होती, ती कॅमेऱ्यावर सरकून बसली होती, बस. "काका, लाईट लागून आहे म्हणजे कॅमेरा चालूच आहे, समोर काहीतरी आडवं आलं," म्हणाला. लाईटच लागत नसता तर सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीत कॅमेऱ्याची परवानगी पाहायची, कीबोर्डवर कॅमेरा बंद करायचं बटन असते ते पाहायचं, दुसऱ्या एखाद्या ॲपनं कॅमेरा धरून ठेवला असेल तर ते बंद करायचं. त्या सर सर वाल्यानं पाऊण तासात सगळा लॅपटॉप उघडला पण वरची पट्टी पाहा असं एकदाही म्हटलं नाही. पुतण्यानं त्याच रात्री विंडोज नव्यानं टाकून दिलं, पासवर्ड सगळे बदलले. इंटरव्ह्यू पोरीनं मोबाईलवरूनच दिला.

मागच्या आठवड्यात फोन आला, सायबर विभागातून बोलतो, तुमचे पैसे सापडले, दीड हजार प्रोसेसिंग भरा. तक्रार केलेल्या लोकांना असे फोन येतात म्हणतात. बायकोनं फोन हिसकला माझ्या हातातून, "व्हिडिओ कॉल कर, तोंड दाखव पह्यले, मंग पैशाचं बोलू."

तो म्हणाला, "मॅडम, मेरा कॅमेरा खराब है."