एस्टीमचं टॅपेट कव्हर घरी हाताने घासलं, त्याला आठ महिने झाले

आमची मारुती एस्टीम गाडी 2004 सालची. 1298 सीसीचं सोळा व्हॉल्व्हचं इंजिन, आजही अर्ध्या सेल्फला चालू होतं. आप्पांनी ती हौसेने घेतली आणि जपली. गेल्या नवरात्रानंतर टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या डोक्यावरच्या झाकणाचं, पॅकिंग कडक होऊन ऑइल झिरपायला लागलं. मिस्त्रीकाकांनी कव्हर उतरवून माझ्या हातात दिलं. वर वीस वर्षांचं तपकिरी किटण, कडेला पांढरी बुरशीसारखी पूड. त्यांनी अंगठ्याने एक कोपरा चोळला आणि म्हणाले, "ताई, बिडाचं नाही हे, ॲल्युमिनियम हाय. घासलं तर चांदीगत निघंल बघा."

कोल्हापुरात उद्यमनगरात हे कव्हर नेलं असतं तर तासाभरात बफिंग करून, म्हणजे मोटरवर फिरणाऱ्या चाकाने चकाकी आणून, मिळालं असतं. मी चौकशीला गेलेही होते. तिथे एका बुलेटचं बफ केलेलं कव्हर बघायला मिळालं. लखलखीत होतं, पण धारा गोल झालेल्या आणि बोल्टची बैठक एका बाजूला खाल्लेली. मोटरवरचं चाक थांबत नाही, हात थांबतो. म्हणून हातानेच करायचं ठरवलं. तीन आठवडे गाडी उभी राहिली. रात्री जेवणं झाल्यावर दीड-दोन तास, असे एकूण सव्वीसेक तास लागले. खर्च झाला हजाराच्या आत, पॅकिंग धरून नाही.

आठ महिन्यांनंतर मला सगळ्यात आधी हे सांगायचंय, कारण सुरू करताना मला कुणी सांगितलं नव्हतं: चमक पॉलिशच्या ट्यूबमधून येत नाही. ती 120 आणि 180 नंबरच्या वॉटर पेपरवर, म्हणजे पाणी लावून घासायच्या पॉलिश कागदावर, ठरते; नंबर जितका लहान तितका दाणा जाड. माझ्या सव्वीस तासांतले चौदा तास या दोन कागदांवर गेले.

कास्टिंगचा, म्हणजे साच्यात ओतलेल्या धातूचा, पृष्ठभाग वाळूसारखा खडबडीत असतो. त्या प्रत्येक उंचवट्याचं टोक खाली आणून खड्ड्याच्या तळाला भिडवायचं, हे खरं काम. 120 नंबरच्या कागदाचा दाणा साधारण 125 मायक्रॉनचा, 400 चा 35, 1000 चा 18 आणि 2000 चा 10. म्हणजे 120 ने पडलेला ओरखडा 1000 चा कागद पुसूच शकत नाही, फक्त त्याच्या आजूबाजूचं चकचकीत करून तो ओरखडा जास्त उठून दिसायला लावतो. माझ्या बाबतीत तेच झालं. 1000 वर पोचले, ट्यूबलाइटखाली कव्हर तिरकं धरलं, तर ऑइल भरायच्या झाकणाशेजारी बोटभर लांबीचे तीन समांतर ओरखडे. त्या रात्री तेवढ्या भागासाठी पुन्हा 220 पासून सुरुवात करावी लागली.

यावर उपाय साधा आहे. 120 चा कागद आडवा चालवला असेल तर 180 चा उभा चालवायचा, 220 चा पुन्हा आडवा. आधीच्या दिशेची एकही रेघ दिसत असेल तर पुढच्या नंबरला हात लावायचा नाही. आणि दोन नंबरांच्या मधे कव्हर, बादली, हात, सगळं धुवायचं. जाड दाण्याचा एक कण बारीक कागदाखाली राहिला की अख्ख्या संध्याकाळची मेहनत वाया जाते. माझी मुलगी प्रत्येक वेळी पाणी बदलून द्यायची, आणि नंतर ट्यूबलाइटची परीक्षाही तीच घ्यायला लागली. 400 ला ट्यूबलाइटचा नुसता पांढुरका धूर दिसतो. 1000 ला धूसर पट्टी. 2000 झाल्यावर ट्यूबच्या टोकाच्या टोप्यासुद्धा कव्हरमध्ये दिसल्या, तेव्हा ती ओरडलीच.

सपाट भागावर कागद लाकडी ठोकळ्याला गुंडाळला, वळणांवर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या तुकड्याला. बोल्टच्या बुडाशी असलेल्या खोबणीत आइस्क्रीमची काडी कामी येते. पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाकले की कागद चोंदत नाही, आणि ओलं घासल्यामुळे धातूची पूड हवेत उडून नाकात जात नाही. कोरडं अजिबात घासू नका.

किटण काढण्यासाठी एकाने कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात बुडवायचा सल्ला दिला होता. मी आधी भंगारातल्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर करून बघितलं. क्षणात फसफसायला लागलं, तुकडा काळा पडला आणि कडा झिजली. ॲल्युमिनियम आणि कॉस्टिक एकत्र आले की हायड्रोजन सुटतो आणि धातू खाल्ला जातो. धुण्याचा सोडाही तसाच, फक्त हळू. रॉकेल, जुना ब्रश आणि नंतर साबणाचं पाणी, एवढं पुरतं.

आता जी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती. कव्हरच्या आतल्या बाजूला, इंजिनच्या वाफा बाहेर नेणाऱ्या नळीच्या तोंडाशी पत्र्याचा पडदा असतो. घासताना निघणारा राखाडी चिखल एकदा त्या पडद्यामागे गेला की तिथून काढणं फार कठीण. नंतर तेच दाणे गरम ऑइलबरोबर व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमवर आणि बेअरिंगवर जातात. इंजिनच्या आयुष्याशी खेळ आहे हा. मी घासायच्या आधीच नळीचं तोंड आणि ऑइलचं भोक रबरी बुचांनी बंद केलं, आतली बाजू प्लॅस्टिक आणि जाड टेपने मढवली. तरीही शेवटी कव्हर साबणाच्या पाण्याने धुऊन रॉकेलने आतून तीन वेळा खळखळवलं. पांढऱ्या कापडावर ते रॉकेल गाळून एकही कण दिसत नाही असं झालं, तेव्हाच गाडीवर चढवलं. पॅकिंग बसतं ती कड मात्र कागद न लावता फक्त कापडाने पुसली. ती कड थोडी जरी वाकडीतिकडी झाली तर नवं पॅकिंगही गळणार. कव्हर उतरलेलं असताना उघड्या इंजिनवर स्वच्छ सुती कापड आणि वरून प्लॅस्टिक बांधून ठेवलं होतं.

शेवटी ऑटोसोल या धातूच्या पॉलिशची ट्यूब. 75 मिलीची घेतली, आठ महिन्यांनी अजून निम्मी शिल्लक आहे. बनियनच्या मऊ कापडावर वाटाण्याएवढी घेऊन छोट्या गोलाकारात चोळायची. कापड काळंकुट्ट होतं आणि कितीही चोळलं तरी होतच राहतं. ती घाण नव्हे, झिजून निघालेलं ॲल्युमिनियमच आहे. कापड पांढरं राहीपर्यंत चोळू म्हणाल तर आयुष्य जाईल. वरचा तेलकटपणा कॉर्नफ्लॉवर भुरभुरून कोरड्या फडक्याने पुसला की जातो.

आता टिकण्याबद्दल. सुरुवातीला मी पुढच्या एक तृतीयांश भागावर स्प्रेच्या डब्यातला पारदर्शक लॅकर मारला आणि बाकीचा भाग उघडा ठेवला, मुद्दाम, तुलना करायला. दोन महिन्यांत लॅकरचा भाग पिवळसर झाला, ऑइलच्या झाकणापाशी त्याची कड सुटली आणि त्याखाली पांढरे, केसासारखे नागमोडी धागे दिसायला लागले. कडेतून शिरलेल्या ओलाव्याने लॅकरच्या खालचं ॲल्युमिनियम गंजत जातं, त्याचे ते माग. थिनरने सगळं काढून तेवढा भाग 600 पासून पुन्हा करावा लागला. उघड्या भागाला काही झालं नव्हतं. गाडीच्या बॉडीचं वॅक्सही लावून बघितलं. अशा वॅक्समधलं कार्नोबा हे मेण 82 ते 86 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं. गरम इंजिनवर ते किती दिवस राहणार? आठवड्यात गेलं. म्हणून आता काहीच लावत नाही. महिन्यातून एकदा, इंजिन थंड असताना, दहा मिनिटं ट्यूब आणि कापड.

मे महिन्यात आंबा घाटातून गणपतीपुळ्याला गेलो, तीन दिवस गाडी समुद्राजवळ उभी होती. परत आल्यावर कव्हरवर राईएवढे पांढरे ठिपके. ॲल्युमिनियमवर हवेने आपोआप एक संरक्षक थर येतो, पण समुद्राच्या हवेतलं मीठ तो फोडतं. वीस मिनिटांत निघाले, पण दोन-तीन ठिकाणी टाचणीच्या टोकाएवढे खड्डे राहिले आहेत. रत्नागिरी, मालवण, गोव्याकडे राहणाऱ्यांनी हे लक्षात घेऊनच हात घालावा, तिथे महिन्याचं काम आठवड्यावर येईल.

"चकचकीत केल्यावर इंजिन तापत नाही का?" असं बरेच जण विचारतात. चकचकीत धातू रंगवलेल्या धातूपेक्षा कमी उष्णता बाहेर टाकतो, हे खरं. पण इंजिन थंड ठेवण्याचं काम रेडिएटर आणि पाणी करतं. एप्रिलच्या उन्हातही एकदा पूर्ण घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढवला, तापमानाचा काटा नेहमीच्याच जागी होता.

पॅकिंग नवं टाकलं, बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने थोडेथोडे करून आवळले. हे बोल्ट फार जोर लावून आवळायचे नसतात, मॅन्युअलमधला आकडा बघून टॉर्क पाना, म्हणजे किती जोर लागतोय ते दाखवणारा पाना, वापरला. तेव्हापासून ऑइलचा थेंब नाही. पूर्वी इतकं किटण होतं की गळती कुठून आहे तेच कळायचं नाही. आता एखादा थेंब जरी आला तरी आरशावर पडल्यासारखा दिसेल. निव्वळ दिसण्यासाठी म्हणून सुरू केलेल्या कामाचा हा उपयोग माझ्या डोक्यातही नव्हता.

आप्पा आता गाडी चालवत नाहीत. पण रविवारी मी बॉनेट उघडलं की काठी टेकत खाली येतात, खिशातून रुमाल काढतात आणि कव्हरवर पडलेली धूळ स्वतः पुसतात.